पानं न दाखवता जिंकलेला डाव

शिरगावात गणपतीच्या जागरणाला पत्ते निघतात, यात बातमी काही नाही. बदलापूर पूर्वेच्या आमच्या या भागात चाळी जाऊन सोसायट्या आल्या, पण रात्री अकरानंतर आरतीचं ताट बाजूला सरकतं आणि सतरंजीवर तीन पत्ती बसते ती बसतेच. बूट दोन रुपये. कोणी ब्लाइंड, कोणी चाल, कोणी वैतागून पॅक. माझी मावशी हा खेळ वर्षानुवर्षं जिंकत आली आहे. तिला पानं चांगली येतात असं मात्र कोणी म्हणत नाही. ‘पान काय बघतोस, माणूस बघ,’ एवढंच ती सांगते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं मत मावशीच्या विरुद्ध आहे. सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांनी छापा घातला, प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं, आणि १९६८चा म्हणून ओळखला जाणारा सत्यनारायण खटल्याचा निकाल आला. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी त्यात म्हटलं की रमीत कौशल्य आहे, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं ते ठरवावं लागतं. तीन पानांचा खेळ मात्र, त्याला फ्लश म्हणा की ब्रॅग म्हणा, निव्वळ नशिबाचा.

यातल्या ‘ब्रॅग’ या शब्दापाशी जरा थांबू. आपली तीन पत्ती ही इंग्रजांच्या ब्रॅगची लेक. पत्त्यांवर लिहिणाऱ्या एडमंड हॉइलने १७५१ साली ब्रॅगवर पुस्तिका काढली होती, म्हणजे खेळ तेव्हाच चांगला रुळलेला होता. ब्रॅग म्हणजे फुशारकी. खेळाचं नावच सांगतं की हातात काय आहे यापेक्षा तोंडाने काय सांगता ते महत्त्वाचं. त्याच कुळातला दुसरा खेळ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वाढला, तो पोकर. पानं वेगळी, मोजणी वेगळी, पण फुशारकी तीच.

या फुशारकीला पोकरवाल्यांनी पुढे हिशेबात बसवलं. त्यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाल म्हणजे कंटिन्युएशन बेट, लाडाने सी-बेट. टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात. एक बोली होते. मग मधोमध तीन पानं उघडतात, तो फ्लॉप. पहिल्या बोलीत ज्याने रक्कम चढवली त्याने जणू सांगितलेलं असतं, ‘माझ्याकडे माल आहे.’ फ्लॉप उघडल्यावर त्याने पुन्हा पैसे लावले की ती सी-बेट. फ्लॉपने त्याला काही दिलं असो वा नसो, सुरू केलेली गोष्ट तो पुढे सांगत राहतो.

हे चालतं कसं? ज्याच्या हातात जोडी नाही, अशा खेळाडूला फ्लॉपवर निदान जोडी लागण्याची शक्यता साधारण एकतृतीयांश. म्हणजे तीनपैकी दोनदा हात कोराच राहतो, तुमचा आणि समोरच्याचाही. समजा मध्ये ६,००० चिप्स आहेत आणि तुम्ही ३,००० लावल्या. समोरचा तीनपैकी एकदा जरी पानं टाकून उठला, तरी तुमचं नुकसान नाही. २,००० लावल्या तर चारातून एकदा पुरे. आणि हात कोरा असलेली माणसं यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा उठतात. शो होतच नाही. तुमच्याकडे काय होतं ते कोणाला कळत नाही.

पद्धत जुनी आहे. डॉयल ब्रन्सनसारखे टेक्सासचे जुने खेळाडू ती कित्येक वर्षं वापरत होते. ती सर्वांपर्यंत पोचली डॅन हॅरिंग्टनमुळे. हा १९९५चा पोकरचा जागतिक विजेता. २००३मध्ये त्याच मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते आणि ती ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने जिंकली, ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन. पुढच्या वर्षी खेळाडू झाले २,५७६. त्या दोन्ही गर्दीत हॅरिंग्टन शेवटच्या टेबलापर्यंत पोचला, एकदा तिसरा, एकदा चौथा. २००४मध्येच त्याच्या पुस्तकाचा पहिला खंड आला आणि सी-बेट घराघरांत गेली. मनीमेकरला बघून खेळायला आलेल्या पोरांना हॅरिंग्टनने भाषा दिली.

टुर्नामेंटमध्ये ही चाल जास्त का फळते, त्याचं कारण आपल्याकडच्या एका जुन्या शब्दात आहे: नाल. जुगाराचा अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून स्वतःचा हिस्सा काढतो, ती नाल. पोकरच्या रोख टेबलावरही फ्लॉप उघडला की पॉटमधून नाल कापली जाते, त्यामुळे छोटे छोटे पॉट जिंकून हातात फार उरत नाही. टुर्नामेंटमध्ये फी दारातच घेतात. आत चिप्सना कात्री नाही. वर प्रत्येक डावात अँटी पडते, म्हणजे आपल्या बूटासारखी रक्कम आधीच मध्ये असते. आणि बक्षिसाच्या यादीत यायला दोन-चार खेळाडू बाकी असले की सगळे जपून खेळतात, लवकर उठतात. अशा वेळी गोष्ट पुढे सांगणाऱ्याचं राज्य.

अर्थात लोकही शिकले. प्रत्येक फ्लॉपवर आपोआप बेट येते हे कळल्यावर समोरचे फसेनासे झाले. नुसतं कॉल करून पुढच्या पानावर पॉट हिसकावू लागले, नाहीतर उलटं चढवू लागले. २०१५च्या सुमारास घरच्या संगणकावर चालणारे सॉल्व्हर आले. त्यांनी दाखवलं की सी-बेट पानं बघून नाही, फ्लॉप बघून करायची. राजा, सत्ती, दुरी, तिन्ही वेगळ्या रंगांची, असा फ्लॉप चढवणाऱ्याच्या बाजूचा; तिथे लहान बेट वारंवार करा. अठ्ठी, सत्ती, छक्की, दोन बदामाची, असा फ्लॉप कॉल करून आलेल्याला जास्त लागतो. तिथे बऱ्याचदा गप्प बसा. समोर तिघे-चौघे असतील तर आणखी गप्प. थोडक्यात, आपली गोष्ट समोरच्याला खरी वाटेल का, हे आधी विचारायचं. मावशीला सॉल्व्हर लागला नसता, हे मी जरा अभिमानानेच लिहितो.

आता पुन्हा निकालाकडे. न्यायालयाने पानांकडे पाहिलं, बोलीकडे पाहिलंच नाही. तीन पानं येणं हे नशीब, कबूल. पण ज्या खेळात निम्म्याहून जास्त डाव पानं न दाखवताच संपतात, तिथे पानांवरून खेळाची जात कशी ठरवणार? १८८७चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा ‘निव्वळ कौशल्याच्या’ खेळाला सूट देतो, आणि त्या सुटीसाठी तेव्हापासून भांडणं चालू आहेत. १९५७मध्ये चमारबागवाला खटल्यात शब्दकोडी अडकली. बंगळुरूहून निघणाऱ्या पत्रात कोडं यायचं, मुंबई राज्यातले लोक फी भरून उत्तरं पाठवायचे, आणि उत्तर जुळवायचं ते आधीच सीलबंद ठेवलेल्या उत्तराशी. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी ऋग्वेद आणि महाभारतापर्यंत मागे जाऊन तो जुगार ठरवला. त्याच साली पश्चिम बंगालने आपल्या कायद्यात पोकरला जुगारातून चक्क वगळलं. २०१७मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकर जुगारच म्हटला, आणि गुजरातचा कायदा म्हणजे आपलाच १८८७चा. एकच पत्त्यांचा जोड, राज्यागणिक वेगळा.

महाराष्ट्राने तर १९७६मध्ये कॅसिनोंसाठी कायदा करून ठेवला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द केला. गोव्याने त्याच १९७६च्या आपल्या कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या केल्या आणि मांडवीत बोटी उभ्या राहिल्या.

आमच्या पट्ट्यात आकड्याची आठवण जास्त ताजी. (कल्याण मटक्याचा आपल्या कल्याण स्टेशनशी संबंध नाही, तो १९६२च्या कल्याणजी भगत यांच्या नावाचा.) मटक्यात लावणारा कितीही हुशार असो, फरक पडत नाही. सगळे सारखेच बुडतात, आणि हरलेला निदान नशिबाला शिव्या देऊ शकतो. पोकरचं तसं नाही, आणि कौशल्याची बाजू मांडणारे वकील हे सांगायचं टाळतात. खेळात कौशल्य जितकं जास्त, तितकं नवख्याचं हरणं पक्कं. सी-बेटचा नफा आकाशातून पडत नाही. तो येतो तीनपैकी दोनदा कोरा हात बघून निमूट उठणाऱ्याकडून.

आमच्या इमारतीतला एक मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला होता. रात्रपाळीहून लोकलने येताना मोबाइलवर टुर्नामेंट खेळायचा. फी पन्नास रुपये, शंभर रुपये, कधी एकाच रात्री आठ वेळा. ‘दादा, हा जुगार नाही, स्किल आहे. जाहिरातीत पण सांगतात,’ असं म्हणायचा, आणि त्याचं खोटं नव्हतं. फक्त ते स्किल टेबलावरच्या दुसऱ्या कोणाकडे होतं. पगार संपल्यावर त्याने बहिणीच्या कॉलेजच्या फीला हात लावला. घरात ते कळलं तेव्हा त्याची आई त्याच्याशी महिनाभर बोलली नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला; २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करताना व्याख्येतच लिहिलं आहे की तो खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. १८८७पासून विचारला जाणारा प्रश्न मोबाइलपुरता असा एका ओळीत निकालात निघाला, उत्तर न देताच. मला ते उत्तर हवं होतं. तरी त्या मुलाच्या आईसमोर उभं राहून ते मागायची माझी तयारी नाही.

टेबलावरच्या पोकरला तो कायदा लागू नाही. मांडवीतल्या बोटींवर खेळ चालूच आहे आणि शिरगावातून तिथे जायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो. तो मुलगा आता पहिल्या पाळीत आहे. गेल्या जागरणाला तो सतरंजीवर मावशीच्या समोरच बसला होता, दोन रुपयांच्या बूटाला, आणि तिने ब्लाइंड चाल केली की दर वेळी पॅक करत होता.