शेणखत आणायचं कुठून? मागच्या रांगेतल्या एका प्रश्नाचा इतिहास

पोस्ट लांब झालीय, आधीच सांगतो. पण शेतीशी थोडाही संबंध असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी कार्यशाळा होती. विषय 'रिजनरेटिव्ह शेती आणि जमिनीचं आरोग्य'. बाहेरून आलेले तज्ज्ञ, प्रोजेक्टर, दीडेकशे शेतकरी. मी पत्रकार म्हणून पहिल्या रांगेत. साहेबांच्या भाषणाचा सूर असा, की शेतकरी पाचट जाळतो, शेणखत टाकत नाही, नुसता युरिया मारतो, म्हणून जमीन मेली. आता तरी शहाणे व्हा.

मागच्या रांगेतून एक म्हातारे बाबा उठले. म्हणाले, "साहेब, शेणखत टाकायचं, समजलं. पण आणायचं कुठून?"

हशा पिकला. साहेब म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी जेवणाची वेळ झाली.

मी बातमी दिली. तीन कॉलम, फोटोसकट. साहेबांचं भाषण आलं, उपस्थितांची नावं आली, बाबांचा प्रश्न आला नाही. डेस्कने कापला म्हणावं तर तसंही नाही, मीच लिहिला नव्हता. घरी आल्यावर आमच्या तीन एकरांचं मृदा आरोग्य पत्रिकेचं कार्ड काढून बघितलं. सेंद्रिय कर्ब ०.३४. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे 'कमी'. आमच्या गोठ्यात शेवटची बैलजोडी होती तेव्हा मी कॉलेजात होतो. मग माझ्याच शेताला तोच प्रश्न लागू की! शेणखत आणायचं कुठून?

म्हणून जुनी पुस्तकं काढली. तर हा प्रश्न १४० वर्षांपूर्वीच विचारून झालाय, आणि त्याचं उत्तरही दिलेलं आहे.

१८८३ साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. आपण त्यातलं सावकार, भट आणि कलेक्टर कचेरी लक्षात ठेवतो. मातीबद्दल त्यात काय आहे ते सहसा कुणी सांगत नाही. फुल्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पूर्वी थोडी जमीन असलेला कुणबी नुसत्या शेतावर जगत नव्हता. शेजारचा डोंगर, रान, गायरान हे त्याच्या शेतीचंच अंग होतं. तिथं गुरं-शेरडं चरायची आणि त्यांचं शेण-लेंड्या शेतात यायच्या. डोंगरावरचा कुजलेला पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर शिवारात उतरायचा. मग जंगल खातं आलं, १८७८चा वन कायदा आला, डोंगर आणि गायरानं सरकारात गेली. शेरडांना तोंड घालायला जागा उरली नाही. दुसरीकडे शेतं आळीपाळीने पड टाकायची सोय संपली. जमिनीला विसावा नाही आणि खाऊही नाही. तिचा कस जाणारच.

फुले नुसतं रडगाणं गात नाहीत, उपाय सांगतात. लष्करातल्या आणि पोलिसातल्या जादा शिपायांकडून जागोजागी ताली-बंधारे घालून घ्या, म्हणजे पाणी शेतात मुरून मग नदीला जाईल. नदी-तलावातला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा फुकट नेऊ द्या. गायरानं गावांना परत करा.

गाळाचा मुद्दा पुन्हा वाचा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्य सरकारने आणली २०१७ साली, फुल्यांनी लिहिल्यानंतर १३४ वर्षांनी. बांधबंदिस्तीची बरीचशी कामं निघाली ती रोजगार हमीतून, बहात्तरच्या दुष्काळाने लोक रस्त्यावर खडी फोडायला आल्यावर. गायरानाचा मुद्दा अजून तसाच आहे.

कुणी म्हणेल, फुले शेतकऱ्यांच्या बाजूचे, ते असंच लिहिणार. तर सरकारच्या बाजूचा साक्षीदार घेऊ. १८८९ साली इंग्रज सरकारने विलायतेहून डॉ. जॉन व्होल्कर नावाचे शेतीरसायनतज्ज्ञ बोलावले. भारतातली शेती सुधारायची कशी, हा त्यांचा विषय. वर्षभरावर देश फिरून त्यांनी अहवाल दिला, तो १८९३ साली छापला गेला. इथल्या रयतेला शेती कळत नाही हे त्यांनी मान्यच केलं नाही. उलट इथला चांगला शेतकरी सर्वसाधारण इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतीत सरस, असं लिहून ठेवलं. मग शेणाच्या गवऱ्या का थापतो? कारण त्याच्याकडे सरपण नाही. सरपण मिळालं तर शेण आपोआप शेतात जाईल, असा त्यांचा हिशेब. म्हणून त्यांनी गावाजवळ सरपण आणि वैरणीसाठी राखीव रानं वाढवायला सांगितलं. शेणाचं गणित जंगलाशी जोडलेलंय, हे फुल्यांनंतर दहा वर्षांत सरकारच्याच माणसाने लिहून दिलं.

तिसरा साक्षीदार आपल्या जास्त जवळचा. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथं सरकारी नोकरीत आले. आपण शिकवायला आलो, पण शेतकरी आणि पिकांवरची कीड यांनाच आपले प्राध्यापक मानलं, असं ते सांगत. १९२४ साली ते इंदूरला आले. होळकर दरबारने दिलेल्या ३०० एकरांवर संस्था उभी राहिली. जमीन आपल्यासारखीच काळी, कपाशीची. तिथं त्यांनी खताची 'इंदूर पद्धत' बसवली.

पद्धत साधी आहे. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली मुताने भिजलेली माती, थोडी राख. पाणी शिंपडायचं, ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. मुख्य फायदा हा, की थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजतो. आपण शेण मोजतो आणि मूत वाहून घालवतो, हॉवर्ड गोठ्यात माती पसरून तेही धरून ठेवायचे. पऱ्हाट्या कुजत नाहीत ना? त्यांनी त्या रस्त्यावर अंथरल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकाखाली चुरा होऊ दिला. आपण त्याच पऱ्हाट्या बांधावर पेटवतो.

१९३१ साली या कामावर पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्डच्या जोडीने दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हॉवर्डला जग सेंद्रिय शेतीचा जनक म्हणतं, वाडांचं नाव त्या दिवशी हॉलमध्ये किती जणांना माहीत होतं? मलाही नव्हतं.

आता पुढची गंमत बघा. हॉवर्डचं लिखाण अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी वाचलं आणि १९४२ साली सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट रोडेल याने १९८०च्या दशकात 'रिजनरेटिव्ह' हा शब्द शेतीत रुजवला. तोच शब्द आता प्रोजेक्टरवर बसून आमच्या तालुक्यात आलाय. माळव्याच्या गोठ्यातून निघालेली गोष्ट अमेरिकेला वळसा घालून परत आली, आणि येताना आपल्यालाच अडाणी ठरवून गेली.

मधल्या काळात इथं काय झालं? १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. धान्य वाढलं, पण ताट बुटकं, कडबा कमी. मी तिला नावं ठेवणार नाही. आमच्या आजीने बहात्तर साली काय खाल्लं ते तिच्या तोंडून ऐकलंय. पोट भरणं आधी. पण कडबा घटला की गुरं घटतात, गुरं घटली की उकिरडा आटतो. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले. मेंढ्या बसवायला येणारे धनगर येईनासे झाले, कारण त्यांचीही चराई गेली. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या. राज्यात १९७०-७१ साली सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ला ती १.३४वर आली. एवढ्याशा तुकड्यात बेवड सांभाळायचा की यंदाचं कर्ज फेडायचं? आणि युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांत मिळते. शेणखताच्या ट्रॉलीला अनुदान नाही. ती भरून, आणून, पसरून घ्यायची मजुरी वेगळीच. माणूस काय घेणार, सांगा.

म्हणजे शेतकऱ्याने काहीच करू नये? करावं. काडी पेटवू नये. पऱ्हाटी, तुराटी, पाचट जमिनीवरच ठेवावं किंवा कुजवावं. गरज नसताना खोल नांगरट टाळावी. ताग-धैंचा गाडावा, ज्वारीत तूर-मूग असावा. मी आमच्या तीन एकरांपैकी अर्ध्या एकरावर यंदा हेच करतोय. पण अर्ध्याच एकरावर. पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न खाली गेलं तर मला पत्रकारितेचे चार पैसे आहेत. ज्याचं सगळं घर त्या तीन एकरांवर आहे, त्याची ती दोन-तीन वर्षं कोण भरून देणार? हा प्रश्न त्या स्लाइडवर नव्हता.

आमच्याच नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून डोंगर परत हिरवा केला. गवत वाढलं, जनावरं वाढली, दूध वाढलं. ते एकट्या शेतकऱ्याचं काम नव्हतं, गावाने मिळून केलं. जमिनीचं आरोग्य बांधाच्या आत सुरू होत नाही, ते डोंगर-गायरानापासून सुरू होतं. फुले हेच तर सांगत होते.

गायरानाबद्दल एक स्पष्ट लिहितो. पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन दलित कुटुंबं गायरान कसून जगतायत, त्यासाठी दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह केलेत. तो हक्क आहे. माझा सवाल उरलेल्या गायरानाचा आहे, जे गावातल्या वजनदार लोकांच्या घशात गेलं किंवा कुठल्यातरी प्रकल्पाला दिलं गेलं.

परवा त्या बाबांच्या गावी जाऊन आलो. म्हटलं, तुमचा प्रश्न छापायचा राहिला होता. ते हसले. म्हणाले, "छापून काय हुतंय? गायरान कुठं गेलं ते बघा."

तेव्हा एक काम करा. आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा काढा. कागदावर किती आहे आणि जागेवर किती उरलंय, कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव टाका. मी यादी करतोय. पुढच्या कार्यशाळेत पहिल्या रांगेत बसून तीच वाचून दाखवणार आहे.