परवलीचा शब्द कोणी सांभाळायचा?

मोठ्या कचेऱ्यांतील छपाईयंत्रे हल्ली आधी नाव आणि परवलीचा शब्द विचारतात, मगच कागद देतात. हा शब्द छपाईयंत्राला ठाऊक असतो का? नसतो, आणि नसावाच. का, ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये एकच संगणक अनेकांना एका वेळी वापरता येईल अशी प्रणाली चालवून दाखवली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात, वापरलेल्या वेळेचा हिशेब लागावा, म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला गेला. सगळे शब्द मात्र एकाच फायलीत, जसेच्या तसे लिहिलेले! ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत. तेवढ्यात त्याचे काम होईना. कोणतीही फाईल पंचकार्डावर मागणी टाकून छापून मिळते, हे त्याच्या ध्यानात आले. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री त्याने परवलीच्या शब्दांच्या फायलीची मागणी टाकली आणि शनिवारी सकाळी छापील यादी उचलून आणली. याची कबुली त्याने कोर्बाटोंना दिली ती सुमारे पंचवीस वर्षांनी!

यावरचा उपाय केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात सुचवला. शब्द साठवायचाच नाही, त्याचे ‘पीठ’ साठवायचे. पिठावरून दाणा परत मिळत नाही. पण तोच शब्द पुन्हा दळला तर तेच पीठ मिळते आणि ताडून पाहता येते. दोघांनी एकच शब्द निवडला तर? मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी १९७९ च्या लेखात वर्णिलेल्या पद्धतीत दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या शब्दात वेगळे ‘मीठ’ मिसळले जाते. (संगणकशास्त्रात त्याला खरोखरच मीठ म्हणतात.)

पुढे यंत्रे वाढली. प्रत्येकात वेगळी यादी ठेवायची म्हणजे माणूस नोकरी सोडून गेला की दहा ठिकाणी नाव खोडायचे. म्हणून एकच मध्यवर्ती निर्देशिका ही कल्पना आली. १९८८ चे ‘एक्स.५००’ हे मानक फार अवजड होते. मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्याची हलकी वाट मांडली, तीच ‘एलडॅप’.

छपाईयंत्र आता एवढेच करते: स्वतःच्या खात्याने निर्देशिकेत शिरते, तुमची नोंद शोधते आणि तुम्ही टाकलेला शब्द तिच्यापुढे ठेवते. उत्तर हो किंवा नाही. साध्या पद्धतीत हा शब्द तारेवरून उघडाच जातो, म्हणून ही देवाणघेवाण सांकेतिक करणारी सोय चालू करावीच लागते.

एक फट तरीही उरते. छपाईयंत्राच्या स्वतःच्या खात्याचा शब्द त्याच्या पोटातच असतो. मांडणीच्या पानाला कारखान्यातून आलेलाच परवलीचा शब्द ठेवला असेल, तर कोणीही निर्देशिकेच्या पत्त्याच्या जागी आपल्या संगणकाचा पत्ता घालतो आणि यंत्र तो शब्द मुकाट्याने तिकडे पाठवते. ते पान कुलूपबंद ठेवावे आणि या खात्याला नावे शोधण्यापलीकडे अधिकार देऊ नये. पुष्कळ ठिकाणी मात्र सोय म्हणून तिथे थेट व्यवस्थापकाचे खाते घातलेले असते.