एक नाव की तीन आवाज? द इम्प्रेशन्स आणि शिकागोचे सोल संगीत

१/ शिकागो, १९५८. पाच कृष्णवर्णीय तरुणांच्या एका गायकगटाचे 'फॉर युअर प्रेशस लव्ह' हे गाणे देशभर गाजू लागले. मात्र तबकडीवर नाव छापले होते 'जेरी बटलर अँड द इम्प्रेशन्स'. पाचांपैकी एकाचे नाव पुढे आले आणि उरलेले चौघे मागे पडले. हे त्यांना रुचले नाही. वर्ष सरण्याआधीच बटलर गटातून बाहेर पडले.

२/ प्रमुख गायक गेला की गट विस्कटतो, असाच तेव्हाचा अनुभव होता. येथे उलटे घडले. त्या पोकळीतूनच शिकागोच्या सोल संगीताला त्याचा स्वतःचा आवाज सापडला.

३/ त्यासाठी आधी शहर समजून घ्यावे लागते. १९१० मध्ये शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय राहत होते. १९६० पर्यंत ही संख्या ८ लाखांवर गेली. दक्षिणेतील वंशभेद आणि दारिद्र्य मागे टाकून आलेल्या या माणसांनी आपले चर्च आणि चर्चमधील गॉस्पेल गायनही सोबत आणले.

४/ हा गटही त्याच प्रवाहातला. सॅम गुडन आणि रिचर्ड व आर्थर ब्रुक्स हे बंधू टेनेसीतील चॅटनूगाहून आले होते. शिकागोत त्यांना बटलर आणि कर्टिस मेफिल्ड मिळाले. हे दोघे लहानपणापासून चर्चमध्ये एकत्र गात. मेफिल्ड यांच्या आजी त्या चर्चच्या धर्मोपदेशक होत्या.

५/ बटलर गेले, तेव्हा मेफिल्ड जेमतेम सोळा वर्षांचे होते. रिकाम्या जागी आले फ्रेड कॅश. चॅटनूगातील मूळ गटात ते होते, पण इतर शिकागोला निघाले तेव्हा मागे राहिले होते. मेफिल्ड काही काळ बटलर यांच्याच दौऱ्यांत गिटार वाजवत आणि त्यांच्यासाठी गाणीही रचत. १९६१ मध्ये 'जिप्सी वूमन' गाजले आणि गट पुन्हा उभा राहिला.

६/ १९६२ मध्ये ब्रुक्स बंधूही बाहेर पडले. उरले तिघे : मेफिल्ड, गुडन आणि कॅश. पाच आवाजांचा भरणा तिघांनी कसा करायचा? उत्तर गॉस्पेल चौकडींच्या परंपरेत होते. एकाने ओळ सुरू करायची, दुसऱ्याने ती मध्येच उचलायची आणि शेवटी तिघांनी एकत्र यायचे. प्रमुख गायक आणि मागचे साथीदार ही विभागणीच त्यामुळे पुसट झाली.

७/ १९६३ चे 'इट्स ऑल राइट' हे या पद्धतीचे ठळक उदाहरण. बिलबोर्डच्या आर अँड बी यादीत ते पहिल्या, तर सर्वसाधारण यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. मेफिल्ड यांचा तारस्वरातील कोमल फॉल्सेटो, गुडन यांचा खर्ज, आणि भोवती जॅझ क्षेत्रातून आलेल्या जॉनी पेट यांची ब्रास वाद्यांची नेटकी रचना.

८/ मेफिल्ड यांची गिटारही निराळी होती. ते स्वतःच शिकले आणि पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या स्वरांवर त्यांनी तारा जुळवल्या. मेम्फिसच्या सोलमध्ये रांगडा जोर होता, डेट्रॉइटच्या मोटाऊनमध्ये ठाशीव ठेका. शिकागोची ओळख ठरली ती हळुवारपणा.

९/ हा हळुवारपणा एका गटापुरता राहिला नाही. निर्माते कार्ल डेव्हिस यांनी मेफिल्ड यांना ओके रेकॉर्ड्ससाठी गीतकार म्हणून सोबत घेतले. मेजर लान्स यांचे 'द मंकी टाइम' (१९६३) मेफिल्ड यांचेच. जीन चँडलर यांनीही त्यांची गाणी गायली. एका गटाची शैली अशा रीतीने शहराची शैली झाली.

१०/ कोमल म्हणजे दुबळे, असा समज होऊ शकतो. इतिहास तसे सांगत नाही. 'कीप ऑन पुशिंग' (१९६४) आणि 'पीपल गेट रेडी' (१९६५) ही गाणी नागरी हक्क चळवळीने आपली मानली. पुढे 'वुई आर अ विनर' मधील कृष्णवर्णीय स्वाभिमान इतका स्पष्ट होता की काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवण्यास नकार दिला. तरीही १९६८ मध्ये ते आर अँड बी यादीत अव्वल ठरले.

११/ त्याच वर्षी मेफिल्ड आणि व्यवस्थापक एडी थॉमस यांनी 'कर्टम' ही स्वतःची कंपनी काढली. तबकडीवर कोणाचे नाव छापायचे, हे आता दुसरे कोणी ठरवणार नव्हते.

१२/ दूर जमैकात बॉब मार्ले, पीटर टॉश आणि बनी वेलर हे तिघे इम्प्रेशन्सच्या तबकड्या ऐकत आपला स्वरमेळ घडवत होते. मार्ले यांच्या १९७७ च्या 'एक्सोडस' मधील एका गाण्याच्या शीर्षकातच 'पीपल गेट रेडी' हे शब्द आहेत.

१३/ १९७० मध्ये मेफिल्ड स्वतंत्र वाटेने गेले. गुडन आणि कॅश मात्र पुढेही दशकानुदशके इम्प्रेशन्स म्हणूनच गात राहिले. १९५८ मध्ये एका नावावरून फुटलेल्या गटाने पुढे जे घडवले, ते कोणा एकाच्या नावावर मांडता येत नाही. ओळ एकाने सुरू करायची, पूर्ण तिघांनी करायची, हीच त्यांची रीत होती.