थॅडियस स्टीव्हन्स आणि मोफत शाळेचा कायदा



दुसऱ्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी आपण कर का भरावा? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८३४ साली हजारो लोक हा प्रश्न विचारीत होते. त्याला उत्तर देणाऱ्या एका आमदाराची ओळख आपण करून घेऊ या.

थॅडियस स्टीव्हन्स यांचा जन्म १७९२ मध्ये व्हर्मांट राज्यात झाला. एक पाय जन्मतः वाकडा, घरी गरिबी आणि वडिलांचा आधार नाही. आईने मात्र कष्ट उपसले आणि मुलांना शिकता यावे म्हणून शाळेच्या गावी बिऱ्हाड हलविले. मुलगा पदवीधर झाला, गेटिसबर्गला वकिली करू लागला आणि १८३३ मध्ये राज्याच्या विधानसभेवर निवडून आला.

त्या काळी तेथे गरिबाच्या मुलाला फुकट शिकावयाचे असेल, तर बापाला आपण कंगाल असल्याचे जाहीर करावे लागे. अनेक स्वाभिमानी पालक त्यापेक्षा मुलांना घरी ठेवीत. १८३४ च्या कायद्याने सर्वांसाठी सामाईक शाळा आल्या. पण कराच्या भीतीने लोक बिथरले. आपल्या चर्चच्या शाळा चालविणाऱ्या जर्मन भाषकांचाही विरोध होता. कायदा रद्द करण्याचे विधेयक सिनेटने मंजूरही केले. स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या मतदारांचा कलही तिकडेच होता.

११ एप्रिल १८३५ रोजी ते विधानसभेत बोलावयास उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. गुन्हेगारांना पोसणारा तुरुंगाचा कर आपण मुकाट्याने भरतो. मग माणूस गुन्हेगारच होऊ नये म्हणून असलेल्या शाळेच्या कराबद्दल तक्रार का? गरिबांची वेगळी यादी करणे म्हणजे मुलांच्या कपाळी डाग लावणे होय, असेही त्यांनी बजावले. सभागृहाचे मत पालटले आणि कायदा वाचला.

पुढे काँग्रेसमध्ये त्यांनी गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी आणि काळ्या नागरिकांच्या समान हक्कांसाठी झुंज दिली. १८६८ मध्ये ते वारले. सर्व वर्णांच्या लोकांना जागा देणाऱ्या लँकेस्टरच्या दफनभूमीतच त्यांनी आपली कबर निवडली होती.

हे गृहस्थ आजन्म अविवाहित होते. ज्या मुलांसाठी ते भांडले, त्यांतले एकही त्यांचे नव्हते. मित्रांनो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मान खाली घालू नका. तालीम ही खैरात नाही, तो हक्क आहे. आणि पालकांनो, शेजाऱ्याच्या मुलाची फी भरणे हे आपल्याच मोहल्ल्याचे भवितव्य घडविणे आहे.