जुना घ्यावा की नवा? कॅमेऱ्याच्या निवडीचा एक लहानसा इतिहास

गेल्या दिवाळीत माझी भाची लोहाऱ्याला आली ती एक प्रश्न घेऊनच. ती दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शाळेजवळच्या तांड्यावर बंजारा बायका जुन्या पद्धतीचे भरतकाम करतात. ते टाके, आरसे, कवड्या फोटोत धरून ठेवायचे तिच्या मनात आहे, कारण ते काम येणाऱ्या म्हाताऱ्या आता मोजक्याच उरल्या आहेत. हाताशी तीस हजार रुपये. यवतमाळच्या एका ओळखीच्या दुकानदाराने तिला दोन कॅमेरे दाखवले होते. एक निकॉन डी ९०, २००८ सालचे मॉडेल, दोन हात फिरून आलेला, सोबत ५० मिलिमीटरची १.८ ॲपर्चरची जुनी लेन्स. दुसरा डी ३५००, २०१८ सालचे मॉडेल, कोणीतरी हौसेने घेऊन कपाटात ठेवून दिलेला, जवळजवळ कोरा, सोबत नेहमीची १८-५५ ची लेन्स. जुना संच आठ-दहा हजारांनी स्वस्त.

"मामा, जुना घेऊ का नवा?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. मी कॅमेऱ्याचा जाणकार नव्हे. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. गेली पंचवीस वर्षे जुने वाडे, वीरगळ आणि मोडी कागद यांच्या मागे फिरताना जेवढा कॅमेरा लागला तेवढाच मी शिकलो. पण या प्रश्नाशी माझे एक जुने दुखणे निगडित आहे.

२००९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका गावात मला एक पडका वाडा पाहायला मिळाला. दिवाणखान्याच्या भिंतीवर गणपती, शिकारीचा देखावा आणि त्याखाली मोडीत एक ओळ. बहुधा चित्र काढणाऱ्याचे नाव आणि शक. खोलीत एका झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. माझ्याजवळ आदल्याच वर्षी घेतलेला निकॉन डी ४० होता, अगदी नवा. मी हातातच धरून शंभरावर फोटो काढले. ओळ मोठी दिसावी म्हणून लेन्स ५५ वर नेऊन काढले, मागच्या छोट्या पडद्यावर पाहिले, छान वाटले. घरी संगणकावर उघडले तर प्रत्येक अक्षराला दोन-दोन सावल्या. 'शके १७' एवढे वाचता येते. पुढचे दोन आकडे आणि नाव गेले. पुन्हा जायचे म्हणता म्हणता पावसाळा आला आणि ती भिंत बसली. त्यानंतर कित्येक वर्षे मी सांगत असे की माझा कॅमेरा साधा होता, भारी असता तर ओळ वाचली असती. हे खरे होते का, ते भाचीच्या प्रश्नाने मला पुन्हा तपासायला लावले. आणि तपासायचे म्हटले की माझी सवय मागून सुरुवात करायची.

आपल्याकडे हा प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी सोसायटीचे सभासद होते. हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे नावाजलेले छायाचित्रकार त्या वर्गातूनच आले. त्या सुमारास शिकणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. टॅलबटची कागदी निगेटिव्हची पद्धत १८४१ ची, म्हणजे जुनी. आर्चरची ओल्या काचेची पद्धत १८५१ ची, म्हणजे नवी. नवीत बारकावा विलक्षण. पण काचेवरचे रसायन ओले असेपर्यंतच फोटो घेऊन तो धुवावा लागे, म्हणजे अंधारा तंबू, बाटल्या आणि पाणी घेऊन हिंडायचे. आपल्या उन्हात ते रसायन किती वेळ ओले राहणार? मेण लावलेला कागद मात्र आधी तयार करून नेता येई. म्हणून लिनियस ट्राइप किंवा आग्ऱ्याचे डॉ. जॉन मरी यांच्यासारखी माणसे १८५० च्या दशकात भारतातल्या इमारती टिपताना कागदावरच भिस्त ठेवून होती. त्यांची ती चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. जुने ते सोने असा याचा अर्थ मी काढत नाही. इमारत हलत नाही, म्हणून त्यांना मंद कागद चालला. माणसांचे चेहरे टिपणाऱ्याला काच घ्यावीच लागली.

सावेदादांना, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, जुन्याचा पर्यायच नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे पाहून त्यांनी विलायतेहून २१ गिनीला रायलीचा कॅमेरा मागवला आणि हँगिंग गार्डनवर कुस्ती टिपली. ती फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली होती. नव्या वस्तूसाठी लागणारी धुलाई-दुरुस्ती गावात मिळत नाही, हे दुखणे तेव्हापासूनचे.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट जास्त बोलकी आहे. सिनेमाचा ध्यास लागला तेव्हा ते नवशिके नव्हते. गोध्र्याला त्यांचा फोटोचा धंदा होता, छपाईतही हात मुरलेला होता. तरी १९११ मध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी आधी घेतला तो एक लहानसा, स्वस्त कॅमेरा आणि काही रिळे. त्यावर रात्री जागून डोळे अधू करून घेतले. विमा पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले ते १९१२ मध्ये, आणि विल्यमसनचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला तोही तिथल्या माहीतगारांना विचारून. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी पैसेवाल्यांची खात्री पटवायला त्यांनी काय चित्रित केले? कुंडीतला वाटाणा. कॅमेरा एका जागी रोवून दिवसाला एक चौकट, असे महिनाभर. वेल पडद्यावर वर चढताना लोकांनी पाहिली. त्या चित्रणात कॅमेऱ्याच्या नवेपणाचा वाटा किती आणि तो महिनाभर जागचा न हलण्याचा किती, हे मी अलीकडे स्वतःलाच विचारू लागलो आहे. आणि फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाईंनी शिकून घेतली होती, हेही हिशेबात धरले पाहिजे. कोल्हापूरला बाबुराव पेंटरांनी तर १९१८ च्या सुमारास दामल्यांच्या मदतीने कॅमेरा घरीच घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. पण ती माणसे वेगळ्या मातीची.

आमच्या पिढीला कॅमेरा दिसला तो आगफाचा क्लिक थ्री. एका रोलमध्ये १२ फोटो, आणि प्रत्येक फोटोआधी घरातले सगळे श्वास रोखून उभे. एसएलआर कोणा स्टुडिओवाल्याकडेच. त्याच्या आत आरसा असतो आणि लेन्सला दिसते तेच डोळ्याला दिसते. पुढे फिल्मच्या जागी सेन्सर बसला तो डीएसएलआर. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉनच्या एफ ३ वर असा कॅमेरा उभा केला तेव्हा तो १.३ मेगापिक्सेलचा होता, फोटो साठवायची पेटी खांद्याला वेगळी अडकवावी लागे आणि किंमत वीस हजार डॉलरच्या घरात. १९९९ मध्ये निकॉनचा डी १ आला. सामान्यांच्या हिशेबात हा कॅमेरा बसला तो २००३ मध्ये. कॅननचा ३०० डी, ६.३ मेगापिक्सेल, हजार डॉलरच्या आत. तिथून पुढे दरवर्षी नवे मॉडेल आणि दरवर्षी कालचे जुने. हा वेग साधारण २०२० पर्यंत टिकला. नंतर या दोन्ही कंपन्यांनी आपले लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळवले. तेव्हा आजच्या नवशिक्यापुढे ठेवलेला 'नवा' डीएसएलआरसुद्धा खरे तर एका सरलेल्या काळातला शेवटचा माल आहे. भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही जुनेच की!"

तसेच आहे. पण सगळे भाग सारख्या वेगाने जुने होत नाहीत, आणि इथेच या इतिहासाचा उपयोग होतो. कॅननने १९८७ मध्ये लेन्स बसवायची जुनी खाच मोडीत काढून नवी आणली. ज्यांच्याजवळ आधीच्या लेन्स होत्या ते हळहळले, पण १९८७ नंतरची त्या खाचेची कुठलीही लेन्स कॅननच्या कुठल्याही डीएसएलआरवर चालते. निकॉनने १९५९ ची खाच टिकवली. ऐकायला छान वाटते, पण २००६ मध्ये डी ४० काढताना, कॅमेरा लहान आणि स्वस्त व्हावा म्हणून, जुन्या लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर आतून काढून टाकली. डी ९० मध्ये ती आहे, डी ३५०० मध्ये नाही. म्हणजे दुकानदाराची ती ५० ची लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस होणार आणि नव्यावर हाताने करावा लागणार. नवशिका मेगापिक्सेल मोजत बसतो, १२ की २४. माझ्या ६ मेगापिक्सेलच्या फोटोचीही दहा इंच रुंदीची छपाई स्वच्छ होते. या अंकाच्या पानाला ती पुरून उरेल.

दुकानदाराने दोन्ही कॅमेरे एका रात्रीसाठी घरी न्यायला दिले, हा त्याचा भलेपणा. आम्ही आधी डी ९० तपासला. फोटोसोबत नोंदल्या जाणाऱ्या माहितीतून कळले की शटर ७१ हजार वेळा पडले आहे. कंपनीने ते एक लाखापर्यंत तपासलेले असते. त्यापुढेही चालते, पण भरवसा नाही. पकडीचे रबर सुटू लागलेले. लेन्समधून टॉर्च मारून पाहिली. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत बंद ठेवलेल्या लेन्सना बुरशी धरते आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ही स्वच्छ होती. ॲपर्चर १६ वर नेऊन आभाळाचा फोटो काढला, त्यात सेन्सरवरच्या धुळीचे तीन ठिपके निघाले. ते साफ होण्यासारखे.

मग ओट्यावर उन्हात भरतकामाचा एक जुना तुकडा ठेवून दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपला. छापून पाहिले तर कुठला कोणाचा हे घरात कोणालाच सांगता आले नाही. संध्याकाळी देवघराशेजारी, समईच्या आणि एका बल्बच्या उजेडात, माझ्या बहिणीला सुई-दोरा देऊन बसवले. खरी परीक्षा तीच, कारण तांड्यावरच्या घरांत असाच उजेड असतो आणि शिवणारा हात थांबत नाही. डी ९० वर ५० ची लेन्स २ ॲपर्चरला उघडून, आयएसओ १६०० वर, सेकंदाच्या शंभराव्या भागात सुई थिजली. डी ३५०० ची लेन्स ५५ वर नेली की ५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे आठपट कमी प्रकाश. तोच वेग मिळवायला आयएसओ १२,८०० वर जावे लागले आणि फोटोत रवा सांडल्यासारखा दाणा आला. दहा वर्षांनी नवा सेन्सर चोख होता, पण दहा वर्षांच्या प्रगतीने एवढी तफावत भरून निघत नाही.

मात्र एक गोष्ट मला मान्य करावी लागली. डी ३५०० सोबतच्या लेन्समध्ये हाताचे कंपन सावरण्याची सोय आहे. माझ्या डी ४० च्या लेन्समध्ये ती नव्हती. शिवणाऱ्या हाताला या सोयीचा उपयोग नाही, पण भिंत हलत नसते, हलला होता माझा हात. त्या दिवशी ही लेन्स असती तर मोडीची ओळ कदाचित वाचता आली असती. गावात कोणाकडून तिकाटणे किंवा नुसते लाकडी स्टूल मागून आणले असते तरी वाचता आली असती, हेही आहेच. मी कॅमेऱ्याला बोल लावत होतो तेव्हा तो नवाच होता.

मी भाचीला सांगितले, डी ९० घे, उरलेल्या पैशांत तिकाटणे घे. ती बराच वेळ दोन्ही हातांत घेऊन पाहत राहिली. म्हणाली, "मामा, शटर गेलं तर तुम्ही नागपूरला घेऊन जाल. मी शाळा सोडून कुठं जाऊ?" मग तिने डी ९० वरची लेन्स काढली, तिची ॲपर्चरची कडी २२ वर नेऊन अडकवली, कारण तसे न केल्यास कॅमेरा चूक दाखवतो, आणि ती डी ३५०० वर चढवली. फोकस हाताने. आत कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस जुळला. आयएसओ १६००, तोच वेग, आणि दाणा डी ९० पेक्षाही कमी. संच मोडायचा हे मला सुचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानदार आधी लेन्स सुटी द्यायला तयार होईना. घासाघीस करून चार हजारांत दिली. तिकाटणे माझे नेले.

संक्रांतीच्या सुमारास तिने चाळीस फोटो पाठवले. एकतीस चुकले आहेत. फोकस सुईवर हवा तिथे मागच्या बांगड्यांवर गेलेला. उरलेल्या नवांपैकी एकात एका आजीबाईंचे फक्त हात आहेत, लाल कापड, आरशाभोवती पांढरा दोरा. मी संगणकावर तो मोठा करून टाके मोजले. बोटाच्या एका पेरात चौदा.