वऱ्हाडातील झाडांचे वैद्य



वऱ्हाडचा इतिहास सांगावयास कोणी उभा राहिला म्हणजे तो कापसापासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे धावू लागल्या. मी स्वतः अकोल्याच्या एका जिनात सरकीची पोती उचलत लहानाचा मोठा झालो. दहावीनंतर माझी शाळा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. तेव्हा कापसाविषयी माझ्या मनात आकस असण्याचे कारण नाही. पण आज मी संत्र्याच्या झाडाविषयी बोलणार आहे. खरे म्हणजे त्या झाडाच्या वैद्याविषयी.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नव्हे. अठराव्या शतकात भोसल्यांच्या काळी ते औरंगाबादेकडून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडून, नागपुरात आले असे सांगतात. पुढे ते अमरावती जिल्ह्यात वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या भागांत आणि अकोल्याकडे अकोटच्या पट्ट्यात पसरले. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘नागपुरी संत्रा’ या नावाने. पिकवायचे आम्ही आणि नाव नागपूरचे, हा वऱ्हाडचा जुनाच अनुभव आहे. असो.

या इतिहासात राजा आहे, रेल्वे आहे, बागाईतदार आहे, व्यापारी आहे. झाडाला हात लावणारा माणूस मात्र नाही. आणि संत्र्याचे झाड तर माणसाच्या हातावाचून उभेच राहत नाही. बी पेरूनही झाड होते, पण ते उंच आणि काटेरी वाढते व फळासाठी फार वर्षे वाट पाहावयास लावते. म्हणून जंभेरीचे रोप खुंट म्हणून वाढवायचे आणि त्यावर चांगल्या संत्र्याचा डोळा बांधायचा, ही रीत पडली. वरुड तालुक्यातील शेंदुरजनाघाट हे गाव या कलमांसाठी दूरवर ठाऊक आहे.

थंडीच्या दिवसांत तिकडच्या एखाद्या रोपवाटिकेत जाऊन पाहा. माणूस वाफ्यात उकिडवा बसलेला असतो. जंभेरीचे रोप पेन्सिलीएवढे जाड झालेले असते. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला एक आडवा आणि एक उभा काप देतो, चाकूच्या टोकाने साल दोहों बाजूंनी अलगद उचलतो, दुसऱ्या हातातल्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा कापून आत सरकवतो आणि पट्टीने गुंडाळतो. पूर्वी सुती दोरा वापरीत, आता प्लॅस्टिकची पट्टी. तुम्ही एक वाक्य बोलून संपवावे तोवर त्याचे दुसरे रोप झालेले असते. दिवसभर हेच. सायंकाळी उठताना गुडघे धरून उठावे लागते. तीनएक आठवड्यांनी पट्टी सोडून पाहतात. डोळा हिरवा असला तर जगला.

ती वीतभर उंची ही हौसेची गोष्ट नव्हे. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. त्या ओलीत एक बुरशी वाढते, ती खोडाच्या सालीत शिरते आणि झाडातून डिंक वाहू लागतो. यालाच डिंक्या म्हणतात. जंभेरी या रोगाला लवकर बळी पडते आणि वर बांधलेला संत्राही काही तिच्याहून कणखर नाही. म्हणून डोळ्याची जागा मातीपासून जितकी वर, तितके बरे. रंगपूर लिंबाचा खुंट त्या मानाने अधिक टिकतो, असे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे आणि नागपूरला १९८५ साली निघालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्राचे लोक सांगत आले आहेत. १९६९ साली हे विद्यापीठ अकोल्याला आले तेव्हा कलमा बांधणारे हात वऱ्हाडात आधीच पिकलेले होते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

कलम बागेत गेले की वैद्याचे दुसरे काम सुरू होते. फळ उतरल्यावर सल काढायची, म्हणजे वाळलेल्या काड्या, थोडा हिरवा भाग सोबत घेऊन, कापून टाकायच्या. कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना औषधी पाण्यात बुडवायची. पानसोट, म्हणजे जे सरळ वर धावतात आणि फळ न देता झाडाचे बळ खातात असे फोक, छाटायचे. खोडाला अळीने भोक पाडले असेल तर तारेचा आकडा घालून ती ओढून काढायची, रॉकेलचा बोळा आत दाबायचा, वरून चिखल लिंपायचा. डिंक दिसला की धारदार चाकूने तेवढी सडकी साल निरोगी सालीपर्यंत खरवडायची, परमॅंगनेटच्या पाण्याने जखम धुवायची आणि मलम लावायचे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सगळ्या खोडांना पुरुषाच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत बोर्डो मलम फासायचे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या मडक्यांत भिजवून तिसऱ्यात एकत्र ओतायचे. लोखंडी भांडे चालत नाही. मग विळ्याचे पाते त्यात बुडवून पाहायचे; पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. ही परीक्षा मला एका निरक्षर बाईने दाखवली. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ती मी पुढे वाचली.

या मलमाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळचे द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत, ते चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले की नेमक्या त्याच वेली केवडा रोगातून वाचल्या आहेत. १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केले. चोराच्या भीतीने निघालेले औषध आज मोर्शीच्या बागेत उपयोगी पडते! तिकडे अमेरिकेत जॉन डेव्ही या इंग्लंडातून गेलेल्या माणसाने १९०१ साली झाडांच्या वैद्यकीवर पुस्तक लिहिले आणि हा तिकडे मानाचा धंदा झाला. झाडाच्या ढोलीत सिमेंट भरण्याची पद्धत तिकडे बरीच वर्षे चालली. पुढे ॲलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाड आपली जखम आपल्यासारखी भरून काढीत नाही. ते सडका भाग आतून भिंती घालून कोंडते. म्हणून फांदी खोडाला चाटून कापू नये, बुडाशी जे जाडसर कडे असते ते राखावे. हे मी मोठ्या उत्साहाने अकोटकडच्या एका वृद्ध छाटणीवाल्याला सांगितले. तो म्हणाला, “थे कळं तं ठेवाच लागते जी. तेथूनच झाळ तोंड मिटते.”

आता मजुरीचे बोलतो, कारण माझा धंदा तो आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने शेतीत फळबागाही धरल्या होत्या. पण व्यवहारात ‘शेतमजूर’ या एका शब्दात निंदणारा, ओझे वाहणारा आणि डोळा बांधणारा सारेच बसवले जातात. सुमारे पंचवीस वर्षांमागे मोर्शीकडच्या एका रोपवाटिकेतील माणसे आमच्या कचेरीत आली. मालकाचा नियम असा की तीन आठवड्यांनी हिरवे डोळे मोजायचे आणि तेवढ्यांचीच मजुरी द्यायची. त्या वर्षी विहिरीवरची मोटार जळाली, आठ-दहा दिवस वाफे कोरडे पडले, डोळे वाळले आणि मजुरी कापली गेली. मी मागणी लिहून काढली, की बांधणीच्या दिवशी सायंकाळी मोजणी व्हावी. कोणत्याही कामगार कार्यकर्त्याने हेच लिहिले असते.

सभेत एक म्हातारा बांधणारा उठला. “भाऊ,” तो म्हणाला, “मेल्या डोयाचे पैसे मले नोको. पन डोया माह्या हातापायी मेला का पान्यापायी मेला, थे वहीत लिवा.”

मला तेव्हा त्याचा राग आला होता, हे कबूल करतो. एकी मोडणारे बोलणे वाटले. पण मग वही मागवली. १९६९ च्या रोपवाटिका कायद्याप्रमाणे कलमांची नोंद ठेवावी लागते. त्या वहीत खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, हे सारे होते. बांधणाऱ्याच्या नावाला रकाना नव्हता. आम्ही शेवटी तडजोड केली: अर्धी मजुरी बांधणीच्या आठवड्यात, अर्धी मोजणीनंतर, आणि वहीत दोन रकाने जास्त, एक बांधणाऱ्याच्या नावाचा आणि एक पाणी दिल्याच्या तारखांचा. दुसऱ्या हंगामात ती वही मी पाहिली. पाटाच्या शेवटच्या वाफ्यांत, जिथे पाणी पोचत नव्हते, तिथे सर्वांचेच डोळे सारखे मेले होते. जिथे पाणी होते तिथे म्हाताऱ्याच्या ओळीत क्वचितच एखादा मेला होता. मालकाने शेवटच्या वाफ्यांचा पाट दुरुस्त करून घेतला, हेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या वर्षी नव्या छापील वह्या आल्या. त्यांत ते दोन रकाने नव्हते. आम्ही भांडलो, पण माणसे निम्मी पांगली होती आणि मेळघाटातून आलेल्या नव्या कोरकू मजुरांना आमची संघटना ठाऊक नव्हती. तो पराभव माझ्या हिशेबी आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीकडच्या विहिरी आटल्या, बोअर खोल खोल जाऊनही कोरडे राहिले आणि बागाच्या बागा उभ्या वाळल्या. अशा एका बागेत वाळलेली झाडे तोडायला माणसे बोलावली होती आणि मजुरीच्या कामाने मीही तिथे गेलो होतो. तोच म्हातारा मुलाचा हात धरून आलेला होता. त्याला आता कुऱ्हाड उचलत नव्हती. तो प्रत्येक झाडापाशी थांबे, डोळा बांधल्या जागेच्या वर अंगठ्याच्या नखाने साल थोडी खरवडी आणि खाली वाकून पाही. खाली तपकिरी निघाले तर पुढे जाई. हिरवे निघाले तर मुलाच्या हातातल्या चुन्याच्या डब्यात बोट बुडवून खोडावर ठिपका देई. उन्हे डोक्यावर येईतो त्याने सगळी ओळ पाहिली. अकरा झाडांवर ठिपके पडले. बागवान काही बोलला नाही. त्याने तोडणाऱ्यांना हाक मारून ती अकरा सोडावयास सांगितले.