मराठा डिच लेन

किल्ला म्हटला की चढण आलीच, अशी आम्हा ग्वाल्हेरकरांची समजूत. पिढ्यान्‌पिढ्या घराच्या गच्चीवरून दिसत आलेल्या किल्ल्यावर लहानपणी धावत जाणारे आम्ही आता घाटाच्या पहिल्याच वळणावर दम खातो. त्यामुळे कोलकात्याच्या मुक्कामात एका बंगाली स्नेह्यांनी, ‘येथे किल्ला आहे, खंदक आहे, आणि चढण मात्र एका पायरीचीही नाही,’ असे सांगितले तेव्हा आमच्या गुडघ्यांनी तत्काळ होकार दिला. खंदकाचे नाव ऐकल्यावर मात्र आम्ही किंचित सावरून बसलो. ते नाव ‘मराठा डिच’. हा खंदक मराठ्यांनी खणलेला नव्हे. मराठे येतील या भयाने कोलकातेकरांनी खणलेला.

आम्ही ज्या वस्तीत वाढलो तिचे नावच ‘लष्कर’. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे पुढे शहर झाले, आणि त्या छावणीबरोबर आलेल्या कारकून, शिलेदार, भिक्षुक यांच्या घराण्यांतून आमच्यासारखी माणसे निपजली. इंदूर, बडोदे, नागपूर येथील वाचकांच्या घराण्यांच्या कथाही थोड्याफार फरकाने अशाच असतील. फौजेबरोबर आलो हे आपण अभिमानाने सांगतो. ती फौज ज्यांच्या दारावरून गेली त्यांनी काय लक्षात ठेवले, हे विचारण्याचा प्रसंग आपल्यावर सहसा येत नाही. कोलकात्याच्या दोन प्रभातफेऱ्यांत तो आमच्यावर आला.

पहिली फेरी सोपी आणि रमणीय. हुगळीच्या काठी प्रिन्सेप घाट आहे. ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ बांधलेला हा पांढऱ्या खांबांचा मंडप आता विद्यासागर सेतूच्या सावलीत उभा आहे. तेथून उत्तरेकडे नदी डाव्या हाताला ठेवून चालू लागले की उजवीकडे फोर्ट विल्यम लागतो. ‘लागतो’ म्हणणेही धाडसाचेच. आम्ही बराच वेळ किल्ला शोधत होतो आणि किल्ला आमच्या शेजारीच होता! आपल्याकडचा किल्ला दोन कोसांवरून दरारा दाखवतो; हा किल्ला जमिनीत दडून बसला आहे. तोफखान्याच्या युगातील युरोपीय दुर्गरचनेचे हे मर्म आहे. उंच तट म्हणजे शत्रूच्या गोळ्याला आयते निशाण. म्हणून तट ठेंगणा व रुंद करावयाचा, त्यापुढे खोल खंदक, आणि खंदकापलीकडे मातीचा लांबच लांब उतार, जेणेकरून बाहेरून पाहणाऱ्यास भिंतीचा माथा तेवढा दिसावा. आपल्या गडांवरचा गोमुखी दरवाजा हत्ती आणि चढाई करणारी टोळी यांना अडवण्यासाठी. येथील कोन आणि बुरूज हे एका तोफेचा मारा दुसऱ्या तोफेच्या माऱ्याला छेदून जावा यासाठी. आराखडा अष्टकोनी, पाच बाजू जमिनीकडे आणि तीन नदीकडे.

१७५६ च्या जूनमध्ये सिराजुद्दौल्याने कोलकाता घेतले, त्या वेळी इंग्रजांचा जुना किल्ला निरुपयोगी ठरला. त्याच्या भिंतींना भिंती लावून घरे, वखारी उभ्या राहिल्या होत्या आणि शत्रूने त्यांच्याच आडोशाने मारा केला. प्लासीनंतर १७५८ मध्ये क्लाइव्हने नव्या किल्ल्यास हात घातला. काम १७८१ च्या सुमारास पुरे झाले आणि खर्च वीस लक्ष पौंडांच्या घरात गेला. जुन्या किल्ल्याचा धडा मनात ठेवून नव्या किल्ल्याभोवती दूरवर एकही आडोसा राहू द्यावयाचा नाही असे ठरले. गोविंदपूर नावाचे गाव उठवले, रहिवाशांना इतरत्र जागा दिल्या, रान तोडले, आणि तोफांच्या नजरेसाठी मोकळी जमीन राखली. तेच आजचे मैदान. पहाटे जेथे मुले फुटबॉल खेळतात, शेळ्या चरतात, म्हातारे पाय मोकळे करतात, ती शेकडो एकर हिरवळ नगररचनाकाराच्या औदार्याने लाभलेली नाही. ती तोफेच्या पल्ल्याने आखून दिलेली आहे. जमीन लष्कराच्या ताब्यात राहिली म्हणून त्या शहराचा एवढा श्वास शिल्लक उरला. गंमत अशी की एवढ्या खर्चाच्या या किल्ल्यावर कधी कोणी चाल करून आलेच नाही.

किल्ल्यात पूर्व विभागाचे लष्करी मुख्यालय असल्याने परवानगीवाचून आत जाता येत नाही. बाहेरूनच आमच्या स्नेह्यांनी दक्षिणेकडे बोट दाखवून सांगितले की पूर्वी तिकडल्या दरवाजास सेंट जॉर्ज गेट म्हणत. आता तो शिवाजी गेट झाला आहे. किल्ल्याचे नावही पालटले. २०२४ च्या अखेरीस तसा निर्णय झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो सर्वांना कळला. नवे नाव ‘विजय दुर्ग’, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून घेतलेले. आम्हांस प्रथम आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. स्नेही मात्र मंद हसले आणि म्हणाले, ‘आता उद्या खंदक पाहू.’

त्या दिवशी पुढे ईडन उद्यानातून गेलो. तेथील ब्रह्मदेशी पॅगोडा १८५४ मध्ये प्रोमहून उचलून आणलेला आहे, म्हणजे ही हिरवळही लुटीपासून मुक्त नाही. तेथून लाल दिघीपाशी पोहोचलो. टपाल कचेरीचा मोठा घुमट जेथे आहे तेथे जुना किल्ला होता. त्याच्या भिंतीची रेषा दाखवणारी पितळी पट्टी पायऱ्यांपाशी बसवलेली आहे. कामाच्या गर्दीत शेकडो पाय रोज तिच्यावरून जातात.

दुसऱ्या फेरीचा आरंभ बागबाजारातून. येथे गल्ल्या अरुंद, ओटे उंच, आणि मिठाईच्या दुकानांपुढे सकाळपासून गर्दी. एका दुकानदारास ‘मराठा डिच लेन’ कोठे म्हणून विचारले. त्याने रस्ता सांगितला आणि आपण कोठले म्हणून चौकशी केली. आम्ही गाव सांगितले, आडनाव सांगितले. त्याने एकवार आम्हांस न्याहाळले आणि हसत म्हटले, ‘बर्गी?’ त्या हसण्यात वैर मुळीच नव्हते, पण शब्द तयार होता. दोनशे ऐंशी वर्षे तो शब्द त्या भाषेत तयार आहे.

‘बर्गी’ म्हणजे आपला ‘बारगीर’. ज्याचे घोडे आणि हत्यार सरकारचे, तो बारगीर. ज्याचे स्वतःचे, तो शिलेदार. आपल्याकडे हा केवळ नोकरीचा प्रकार होता आणि शब्द आता बखरींच्या पानांत पडून आहे. बंगालीत मात्र तो घराघरांत जिवंत आहे, कारण तो पाळण्यात आहे. मूल झोपले, वस्ती शांत झाली, तोच देशात बर्गी आले. धान्य पाखरांनी खाल्ले, आता सारा कशाने भरावा, अशा आशयाची अंगाई तेथील प्रत्येक आजीला येते. आमच्या स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनी ती आम्हांस म्हणून दाखवली, आणि मग पाहुण्यांपुढे हे काय म्हटले म्हणून त्याच ओशाळल्या.

इतिहास थोडक्यात असा. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी बंगालवर चालून गेले. त्या मेमध्ये मुर्शिदाबादेत जगत्‌शेठांची कोठी लुटली गेली. भास्करपंतांनी काटव्याजवळ मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली, आणि नवमीच्या पहाटे अलीवर्दीखानाने छापा घालून त्यांस पळवून लावले. दुसऱ्या वर्षी रघूजी स्वतः आले. त्याच वर्षी नानासाहेब पेशवेही आले, पण रघूजींच्या मदतीस नव्हे. अलीवर्दीकडून चौथाईचा शब्द घेऊन रघूजींनाच हुसकण्यासाठी! अखेर शाहू महाराजांनी दोघांची समजूत घालून बंगालची बाजू रघूजींकडे सोपवली. १७४४ च्या मार्चमध्ये मनकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी बोलावून भास्करपंतांस त्यांच्या सरदारांसह ठार मारण्यात आले. त्यानंतरही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात सुवर्णरेखेपर्यंतचा ओरिसा आणि सालिना बारा लक्ष चौथाई भोसल्यांस मिळाली, तेव्हा बंगालने निःश्वास टाकला.

मनकऱ्याचा विश्वासघात आपण शाळेपासून ऐकत आलो. दहा वर्षे बर्दवान, बीरभूम, बांकुडा, मिदनापूर या मुलखांत काय चालले होते, ते मात्र आम्ही पन्नाशीनंतर वाचले. गंगाराम नावाच्या कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ त्याच काळातले, त्याची पोथी १७५१ ची. तीत जळालेली गावे आहेत, पळणारे विणकर, सोनार, ब्राह्मण, शेतकरी आहेत, पैशासाठी दिलेल्या यातना आहेत, आणि स्त्रियांवरील अत्याचारही आहेत. ते शत्रूचे लिखाण म्हणून सोडून देण्याची सोयही गंगारामाने ठेवलेली नाही. त्याच्या काव्यात मराठे प्रथम येतात ते पाप वाढले म्हणून देवाने धाडलेले. पुढे ते स्वतःच पाप करू लागतात तेव्हा देवी त्यांच्यावरची कृपा काढून घेते.

बागबाजारातच मदनमोहनाचे देऊळ आहे. ही मूर्ती मूळची विष्णुपूरच्या मल्ल राजांची. पुढे राजाला पैशाची निकड पडली, तेव्हा ती गोकुळ मित्र नामक येथील धनिकाकडे गहाण पडली असे सांगतात. विष्णुपूरचे लोक सांगतात की भास्करपंतांची फौज गावावर आली त्या रात्री या मदनमोहनाने स्वतः ‘दलमादल’ तोफ डागली. प्रत्यक्ष श्रीकृष्ण आपल्यावर तोफ डागतो, ही कल्पना मराठी माणसाला पचायला जड आहे. आम्ही देवास नमस्कार केला आणि पुढे निघालो.

खंदकाची हकीकत किंचित विनोदी आहे. १७४२-४३ मध्ये कोलकात्याच्या देशी रहिवाशांनी स्वखर्चाने वस्तीभोवती खंदक खणण्याची परवानगी कंपनीकडे मागितली. कौन्सिलने २५,००० रुपये उसने दिले. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल झाला, मराठे काही आले नाहीत, आणि काम जे थांबले ते थांबलेच. हलशीबागान येथे खंदकाने मुद्दाम वळण घेतले, ते अमीचंद आणि गोविंदराम मित्र या बड्या असामींच्या बागा आत याव्यात म्हणून. संकटकाळीही शेठजींची बाग आधी, हे वाचून आम्हांस आमच्या नगरपालिकेचे रस्ते आठवले. पुढे १७५६ मध्ये सिराजची फौज आली ती बागबाजारच्या मोर्च्यापाशी अडली खरी, पण दक्षिणेकडे सरकून राखणीवाचून पडलेला खंदक सहज ओलांडून शहरात शिरली. आणि सिराजने तळ ठोकला तो अमीचंदाच्या त्याच बागेत.

एवढे होऊन कोलकातेकर इंग्रजांना ‘डिचर’ हे टोपणनाव चिकटले. १७९९ मध्ये खंदक बहुतांशी बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज त्यास आचार्य प्रफुल्लचंद्र रस्ता आणि पुढे आचार्य जगदीशचंद्र बोस रस्ता म्हणतात. श्यामबाजारापासून सियालदापर्यंत रमतगमत चालावे. देशबंधू पार्कात बसावे, बद्रीदास रस्त्यावरील शीतलनाथाच्या जैन मंदिराची १८६७ ची काचकामाची शोभा व बाग पाहावी. पुढे वाटेत जगदीशचंद्रांचे विज्ञानमंदिर आहे. पायाखाली खंदक आहे असे कोठेही जाणवत नाही. गल्लीच्या नावाखेरीज खूण नाही.

ज्या बंगालच्या पाळण्यात बर्गी आहे, त्याच बंगालने १९०४ मध्ये शिवाजी उत्सव डोक्यावर घेतला. त्यामागे होते सखाराम गणेश देऊस्कर, देवघरकडील मराठी घराण्यात १८६९ मध्ये जन्मलेले आणि बंगालीचे नामवंत लेखक झालेले. ते आपल्यासारखेच जुने स्थलांतरित. त्यांच्या ‘देशेर कथा’ या ग्रंथावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. त्यांच्याच शिवाजीविषयक पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता दिली. आणि जदुनाथ सरकारांचे काय म्हणावे? १९१९ मध्ये शिवचरित्र लिहिणारा हा बंगाली इतिहासकार बर्गींच्या अत्याचारांविषयी लिहिताना शब्द राखत नाही. आणि त्याचा जन्माचा मित्र कोण, तर बडोद्याच्या नोकरीत आयुष्य घालवलेले आपले रियासतकार सरदेसाई. दोघांनी मिळून पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार संपादित केला. आपापले मत दोघांनीही सोडले नाही.

हुगळी जिल्ह्यात इटाचुना येथे कुंदू घराण्याचा मोठा वाडा आहे. आपले पूर्वज बर्गींबरोबर आले व येथेच राहिले, अशी त्या घराण्याची परंपरा सांगतात आणि लोक त्या वाड्यास ‘बर्गी डांगा’ म्हणतात. तेथे जावयाचे आमच्या मनात होते; पण परतीचे आरक्षण झालेले होते.

सियालदापाशी आमचे पाय थकले. स्नेही म्हणाले, खंदकाचा ठरलेला मार्ग येथून पुढे दक्षिणेस जात होता, हवे तर जाऊ. आम्ही विचारले, तो तिकडे पुरा झाला होता काय? ‘नाही,’ ते म्हणाले, ‘तुम्ही आलाच नाहीत ना.’ मग आम्ही तेथेच चहा घेतला आणि ट्रॅमची वाट न पाहता टॅक्सी केली.